निळी केबल, करडी केबल आणि तीता एवेलिन

सिस्टरांची शाळा, कॉम्प्युटरची खोली
मंगळवार, मधल्या सुट्टीत

तीर्थस्वरूप निनोंग मारयानो,

तुमचा उजवा हात इथूनच कपाळाला लावला आहे, तेव्हा आशीर्वाद तिकडून सोडून द्या. समुद्र शांत आहे, पोचेल. अंगठ्याची सूज कशी आहे? युरिक अॅसिड उतरलं का? सुक्या मासळीला हात लावत नाही ना? (लावत असणारच. तुमचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आहे.) नानायने तुमच्यासाठी कसल्याशा पाल्याचा काढा बाटलीत भरून ठेवला आहे. तो मी चाखून पाहिला, आणि अंगठा सुजलेलाच बरा असं माझं प्रामाणिक मत झालं. तिला कळवू नका. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. म्हणजे नानायने रविवारपासून पोटच्या पोराशी बोलणं टाकलंय, सिस्टर पर्पेतुआ मला पाहिलं की जपमाळ काढतात, आणि माझा एकुलता एक चांगला बारोंग सदरा पाठीकडून भिजून असा आटलाय की आता तो पुढच्या वर्षीच्या एखाद्या बारशाच्या बाळाला येईल. पण तब्येती उत्तम.

पत्र कशाला, फोन का नाही केला, असं विचाराल. निनोंग, जन्मभर टेलिफोन कंपनीच्या खांबावर चढलेले तुम्ही, निवृत्त झाल्यापासून फोन उचलता, 'हॅलो' म्हणता आणि ठेवून देता. समोरच्याने काय म्हटलं ते ऐकायची तुम्ही पद्धतच ठेवलेली नाही. म्हणून पत्र. बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून मला हातावर घेऊन तुम्हीच उभे होतात, तेव्हा माझं रडणं ऐकायची तुम्हाला सवय आहे असं धरून चालतो.

तर रविवारी माझं पामानहिकान होतं. तुम्ही त्यात नव्हतात, आणि तिथूनच सगळं बिघडलं. तात्ताय गेल्यापासून बापाच्या जागी माझ्या बाजूने चार शब्द बोलणारं वडीलधारं माणूस तुमच्याशिवाय कुणी नाही, हे मी उगाच लोणी लावायला लिहीत नाही. मुलाकडच्या मोठ्यांनी जेवणखाण घेऊन जायचं, मुलीच्या बापासमोर बसायचं, इकडचं तिकडचं बोलायचं आणि हळूच मुलीचा हात मागायचा. बाप 'हो' म्हणतो, मग सगळे तुटून पडतात. यात कठीण काय आहे? कठीण एवढंच की माझ्या रोमेलिनचा बाप जहाजावर. चीफ रोमुलो, तुमचा शाळेतला वर्गमित्र, तेलवाहू बोटीचा चीफ इंजिनीअर. आपल्या गावात निम्म्या मुलींचे बाप जहाजावर असतात आणि त्यांची लग्नं होतात, मग माझंच घोडं कुठे अडलं? तर रोमेलिन जानेवारीत नर्सच्या नोकरीला आयर्लंडला निघाली आहे. त्याआधी लग्न झालं तर नवरा म्हणून मागोमाग मलाही जाता येईल. नाही झालं तर ती तिकडे आणि मी इथे, सिस्टर पर्पेतुआंच्या सहवासात. चर्चमध्ये डिसेंबरची एकच तारीख उरली आहे, आणि फादर सिंप्लिसियो ती फार दिवस धरून ठेवणार नाहीत. त्यांच्यामागे आणखी दोन जोडपी लागली आहेत. मी तुम्हाला स्पष्टच सांगतो, ती गेली तर मी इथे काय करू ते मला कळत नाही.

चीफची अट एकच होती. जहाजावर आठवड्याला पाळीपाळीने नेट मिळतं, त्यांची पाळी रविवारी तीनला, अर्धा तास. त्या अर्ध्या तासात त्यांना सगळ्यांचे चेहरे बघून उत्तर द्यायचं होतं. पुढे जहाज मोठा समुद्र ओलांडायला निघणार, मग महिना दीड महिना चित्र दिसेल इतकं नेट नाही. आणि चीफने आधीच निरोप दिला होता की, मुलगा नेटवर्कचं काम करतो म्हणे, तर तो आपलं मशीन ओळखतो की नाही ते मी बघणार. आता तीता एवेलिनच्या (माझ्या होणाऱ्या सासूबाई, अजून तरी होणाऱ्या) घरचं नेट कसं आहे ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. त्यावर नवरा दिसतो तो चौकोनी तुकड्यांत. मागच्या नाताळात त्या अर्धा तास बोलल्या आणि मग कळलं की समोर होता तो आचारी. म्हणून मीच छाती फुगवून म्हणालो की पामानहिकान आमच्या शाळेत करू, कॉम्प्युटरच्या खोलीत. मोठा पडदा, थंड हवा, झकास नेट. सिस्टरांनी परवानगी दिली, खोलीत अन्न आणायचं नाही या अटीवर. (ही अट कशी मोडली ते पुढे येईल.)

आणि शुक्रवारी शाळेचा राउटर मेला. पाल शिरली होती. मी उघडून पाहिला तेव्हा दोघंही गेलेले होते. नवा राउटर आमच्याकडे खोक्यात तयार होता, तो शहरातल्या पुरवठादाराकडून माणूस येऊन बसवणार होता, पण तो माणूस येणार होता बुधवारी. मी म्हटलं, एवढंच ना? मीच बसवतो. निनोंग, माझा हा 'एवढंच ना' तुम्ही मला लहानपणी नारळाच्या झाडावर पाहिलं तेव्हापासून ओळखता.

तुम्ही तारांमधले माणूस, तेव्हा तुम्हाला कामाचं थोडक्यात सांगतो. नवा राउटर म्हणजे नुकतंच जन्मलेलं पोर. त्याला नाव नाही, गाव नाही, कुणाशी बोलायचं ते माहीत नाही. त्याला हे सगळं शिकवायला त्याच्या पाठीमागे दोन भोकं असतात. एक कन्सोलचं. त्यात चपटी निळी केबल घालायची आणि दुसरं टोक माझ्या लॅपटॉपला जोडायचं, म्हणजे मी लिहिलेलं त्याच्या कानात जातं. दुसरं भोक मॅनेजमेंटचं. त्यात करडी केबल घालून ती ऑफिसच्या जुन्या जोडणीला लावायची, म्हणजे शहरातली माणसं आपल्या जागेवरून त्यात डोकावू शकतात आणि माझ्या चुका निस्तरू शकतात. दोन्ही भोकं अगदी शेजारी शेजारी, एकाच मापाची, एकाच तोंडवळ्याची. ज्या कुणी हे बनवलं त्याला सासू नसावी.

सगळं शनिवारीच उरकणार होतो. पण शनिवारी वीज नव्हती, आणि होती तेव्हा जुना राउटर लोखंडी चौकटीतून निघत नव्हता. रविवारी जेवणाआधी मी एकटा शांतपणे काम आटोपायला शाळेत आलो, तर तिथे आधीच जत्रा. नानाय लेचोन घेऊन हजर. (आख्खं भाजलेलं डुक्कर, निनोंग, कातडं असं तांबूस कुरकुरीत की बघूनच तुमचं युरिक अॅसिड वाढावं.) ते ठेवायला जागा नाही म्हणून प्रिंटरच्या टेबलावर ठेवलं. सिस्टर पर्पेतुआ अन्नबंदीच्या पाटीखाली उभ्या राहून म्हणाल्या, डुक्कर अजून अख्खं आहे तोवर ते अन्न नाही, आणि स्वतः शेपटीचा तुकडा मोडून घेतला. फादर सिंप्लिसियोही आले होते. जेवायला आलेच आहेत तर नव्या राउटरला आशीर्वादही देऊन जातील, ही सिस्टरांची काटकसर. आणि दारात हातपंखा हलवत तीता एवेलिन. त्यांना दीडला बोलावलं होतं. त्या अकराला आल्या, कारण दीडला बोलावलेले लोक वेळेवर येत नाहीत असा त्यांचा अनुभव.

आता नीट लक्ष द्या, कारण घात इथेच झाला. राउटर चौकटीत बसवायचे स्क्रू टेबलाखाली घरंगळले होते, ते शोधायला रोमेलिन गुडघ्यांवर. म्हणून राउटर मी दोन्ही हातांनी चौकटीत धरून उभा. त्याच क्षणी फादरांनी प्रार्थना म्हणून पवित्र पाणी शिंपडायला सुरुवात केली. आपले फादर शिंपडत नाहीत, ते ओततात, हे तुम्ही पाहिलेलं आहे. मी तसाच वाकून राउटरवर पाखर घातली, आणि सगळा आशीर्वाद माझ्या पाठीने झेलला. अशा अवस्थेत तीता एवेलिन शेजारी आल्या, दोन्ही केबली हातात, आणि त्यांच्या त्या मधाळ सुरात विचारलं, "तोतो, बाळा, मी मदत करते हं. ही निळी कुठे घालू?"

दोन्ही हात राउटरखाली, पाठ फादरांकडे, मान खाली. मोकळे होते फक्त ओठ. मग मी काय केलं असेल? आपण सगळेच जे करतो तेच. ओठ पुढे काढले आणि दाखवलं. तिकडे. निनोंग, आपली अख्खी जात ओठांनी बोट दाखवते. बसथांबा दाखवतो, मीठ दाखवतो, शेजाऱ्याची उनाड मुलगी दाखवतो, आणि समोरच्याला बरोब्बर कळतं. पण बसथांब्याच्या शेजारी बोटभर अंतरावर अगदी तसाच दुसरा बसथांबा नसतो! तीता माझ्या ओठांच्या रेषेत वाकल्या, म्हणाल्या, "कळलं, कळलं," आणि निळी केबल मॅनेजमेंटमध्ये आणि करडी कन्सोलमध्ये खट्कन बसवली. मग साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "काय तरी पोरं उगाच बाऊ करतात. झालं की!"

मला तेव्हा कुठे माहीत? स्क्रू मिळाले, राउटर बसला, मी लॅपटॉप उघडला. पडदा काळा. कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत होती, बाकी शुकशुकाट. मी लॅपटॉप बंद करून सुरू केला. लॅपटॉप आणि केबल यांच्यामध्ये जो जोड लागतो (हल्लीच्या लॅपटॉपला जुन्या धाटणीची खाच नसते), तो काढून फुंकर मारून लावला. लॅपटॉपच्या राउटरशी बोलण्याचा वेग बदलून पाहिला. शिव्या देऊन पाहिल्या, अर्थात मनात, सिस्टर होत्या. काळं ते काळंच. शेवटी स्क्रू घट्ट करायच्या निमित्ताने मागे वाकलो, आणि दोन्ही केबली बघितल्या, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

तुम्ही म्हणाल, मग बदलायच्या! हो. पण तीता एवेलिन तोवर खुर्ची ओढून राउटरच्या अगदी पुढ्यात बसल्या होत्या, मांडीवर पर्स, बँकेच्या दारातल्या पहारेकऱ्यासारख्या. आणि येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या की आजचं नेट त्यांनी लावलंय. नानायला सांगितलं, फादरांना सांगितलं, शिपायाला दोनदा सांगितलं. आता पामानहिकानच्या दिवशी, मुलगी मागायला आलेल्या मुलाने, मुलीच्या आईला, फादरांच्या देखत म्हणायचं की बाई, तुम्ही चुकलात? मी रोमेलिनला कोपऱ्यात घेतलं.

"सांग ना तिला सरळ," ती म्हणाली.

"तू सांग. आई तुझी आहे."

"वेडा आहेस का? मला डिसेंबरपर्यंत तिच्याच घरात राहायचंय!"

आणि ही बाई आयर्लंडला जाऊन म्हाताऱ्यांना सुया टोचणार.

मग मी युक्त्या सुरू केल्या. तीता, जरा त्या खिडकीपाशी बसा, वारा आहे. (खोलीत एसी.) तीता, नानायला पानसितमध्ये मीठ कमी वाटतंय, तुम्ही चाखता का? त्यांनी शेवया जागेवरच मागवून चाखल्या आणि मीठ ठीक असल्याचं सांगितलं. नानायने माझ्याकडे असं पाहिलं की मी लहानपणी दूध सांडलं होतं तेव्हाही असं पाहिलं नव्हतं. घड्याळ पुढे सरकतंय, माझा जीव टांगणीला. शेवटी मला एकदम सुचलं. जेवणाआधीची प्रार्थना! प्रार्थनेत सगळे डोळे मिटतात. मी फादरांच्या कानाला लागलो, म्हटलं, आजचा दिवस मोठा आहे, प्रार्थना जरा लांबवा. फादर भुकेले होते, पण पापी माणसाची कळकळ त्यांना कळली असावी. त्यांनी समुद्रावरचे सगळे खलाशी घेतले, आजारी घेतले, विधवा घेतल्या, दोन दिवंगत बिशप घेतले. तोवर मी तीता एवेलिनच्या खुर्चीमागून हात घालून निळी काढली, करडी काढली, अदलाबदल केली, खट् खट् आवाज 'आमेन'च्या आत लपवला, आणि लॅपटॉपवर अक्षरं उमटली. निनोंग, राउटरने मला त्याचं नाव विचारलं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लोकांना वाटलं बिशपांसाठी.

मी भराभरा लिहायला लागलो. नाव दिलं, गाव दिलं, अर्धं काम झालं. आणि तेवढ्यात तीता एवेलिन मागे वळल्या. "अगंबाई! माझ्या केबली कुणी हलवल्या? सिस्टर, तुमच्याकडे पालींचा फार सुळसुळाट झालाय हं." आणि मायेने, हळुवारपणे, दोन्ही उपटून परत पहिल्यासारख्या लावल्या. पडदा जागच्या जागी थिजला. मी खुर्चीत थिजलो. रोमेलिन बाहेर निघून गेली, नंतर कळलं की ती जिन्यात बसून हसत होती. माझ्या बायकोचं, होणाऱ्या बायकोचं, माझ्यावरचं प्रेम हे असं.

आणि तीन वाजले. मोठा पडदा निळाशार, कोरा. सगळे जेवायचे थांबून त्या कोऱ्या पडद्याकडे भक्तिभावाने बघताहेत. मग रोमेलिनचा फोन वाजला. चीफ, जहाजाच्या साध्या फोनवरून. तिने फोन मोठ्याने लावून टेबलावर ठेवला, डुकराच्या कानापाशी. चीफचा आवाज इंजिनाच्या घरघरीवरून आलेला, त्यामुळे ते नेहमी ओरडूनच बोलतात. "कुठे आहे तो नेटवर्कवाला? चित्र का नाही? मशीनला काय झालंय?"

मी तीता एवेलिनकडे पाहिलं. त्या पंखा हलवत माझ्याकडेच बघत होत्या. खरं सांगू का, निनोंग? एक क्षण माझ्या मनात आलं की राउटर खराब निघाला म्हणावं, पुरवठादाराच्या माथी मारावं. पण मशीनची परीक्षा घेणाऱ्या माणसाला चांगल्या मशीनबद्दल खोटं सांगायला मन धजेना. आणि दुसरं जे खरं होतं ते त्या पंख्यासमोर उच्चारायला धजेना. मग मी म्हणालो, "चीफ, मशीन चांगलं आहे. चूक माझी आहे. केबल कुठे लावायची ते हाताने नीट दाखवायचं सोडून मी ओठाने दाखवलं. दोन केबलींची अदलाबदल झालीय. लगेच नीट करतो."

मग मागून तीता एवेलिन म्हणाल्या, "मी लावलीय तशी राहिली असती तर..." आणि वाक्य तिथेच सोडून, खुर्ची बाजूला घेतली. मी केबली बदलल्या. कपाळावरचा घाम कीबोर्डवर पडत होता. फादर मागून म्हणाले, आणखी थोडं पवित्र पाणी...? मी आयुष्यात पहिल्यांदा एका फादरांना 'नको' म्हणालो, तेही ओरडून. उरलेलं गाव, उरलेला पत्ता, उरलेली परवानगी, सगळं भरलं. हिरवे दिवे लागले. पाळी संपायला काही मिनिटं उरली असतील तेव्हा भिंतीवर चीफ प्रकटले! काय स्वच्छ चित्र, निनोंग! त्यांच्या नाकावरचं वंगण दिसत होतं. नानाय उभी राहिली. पण आवाज नाही. ते बोलताहेत, इकडे काही नाही. आम्ही बोलतोय, ते कानाला हात लावताहेत. साधा फोनही एव्हाना तुटलेला.

तीता एवेलिन पुढे झाल्या आणि खाणाखुणांनी विचारलं. माझ्याकडे बोट, रोमेलिनकडे बोट, मग दोन्ही हात पसरून, द्यायची का? चीफने गंभीरपणे मान तिरकी केली, ओठ पुढे काढले, आणि कुठेतरी दाखवलं. आणि चित्र तिथेच गोठलं. पाळी संपली.

आता भिंतीवर हा एवढा मोठा चीफ, ओठांचा चंबू केलेला, आणि खाली आम्ही सगळे त्या चंबूची दिशा शोधतोय. नानाय म्हणाली, माझ्या रेनान्तेकडे दाखवलंय, म्हणजे हो. तीता एवेलिन म्हणाल्या, दरवाजाकडे दाखवलंय, म्हणजे जा. सिस्टर पर्पेतुआ म्हणाल्या, अशा चित्रात डावं उजवं उलट दिसतं, त्यामुळे दाखवलंय ते त्यांच्याकडे, आणि त्या विनाकारण लाजल्या. शिपायाने पडद्यापासून दोरी ताणून पाहिली, ती एसीवर गेली. शेवटी तीता एवेलिन पर्स उचलून म्हणाल्या, "तोंडी उत्तर आलेलं नाही. म्हणजे ठरलेलं नाही." इतक्या गोड सुरात म्हणाल्या की फादरांना वाटलं ठरलं, आणि त्यांनी मला मिठी मारली. लोक जेवले, हसले, डब्यांत भरून घरी नेलं. मला घास उतरला नाही. रोमेलिनने जाताना माझा हात दाबला. आता ती हसत नव्हती.

असो. तुमच्या अंगठ्याला जपा. गार पाण्यात पाय ठेवू नका. नानायचा तुम्हाला नमस्कार, काढा नंतर येईल.

तुमच्याच हातांनी बाप्तिस्मा घडलेला,
रेनान्ते

ता. क. हे सगळं लिहायचं खरं कारण वर लिहायला धीर झाला नाही, ते आता लिहितो. काल सकाळी चीफचा जहाजावरून मला शाळेत फोन आला. पहिलं वाक्य, "मी ओठाने डुक्कर दाखवत होतो. आठ महिने झाले, बाळा, असं कातडं बघितलं नव्हतं." मग म्हणाले, "केबल कुणी लावली ते मला कळलं. एवेलिनचा आवाज मी मागे ऐकला. मशीन तुला कितपत कळतं ते कळलं नाही, पण माझी बायको तुला कळलीय. माझा होकार आहे." मी खुर्चीवरून पडायचा राहिलो. मी म्हटलं, मग हे तीता एवेलिनना फोन करून सांगा ना! तर हा इंजिनखोलीत आग विझवलेला माणूस घाबरून म्हणतो, "नको. ती विचारेल, 'हो' का म्हणालास, आणि तिच्याशी मला मिनिटभरही खोटं बोलता येत नाही. तूही सांगू नकोस, तुलाही विचारेल. मारयानोला आण." तर निनोंग, माझी सगळी मदार तुमच्यावर. शनिवारच्या बोटीने या. पुढच्या रविवारी तीता एवेलिनच्या घरी बसा आणि एवढंच म्हणा की रोमुलोने मला शब्द दिलाय. का दिला ते सांगू नका. मोठ्या माणसाची त्या उलटतपासणी घेणार नाहीत, त्यातून अंगठा सुजलेला. हात जोडतो.

ता. क. दुसरा. पत्र टपालाने पाठवणार होतो. पण तीता एवेलिन आत्ताच शाळेत आल्या होत्या. त्या उद्याच्या बोटीने तुमच्याच बाकोलोडला बहिणीकडे निघाल्यात. माझ्या हातातलं पाकीट पाहून म्हणाल्या, "निनोंगना ना? आण इकडे, मी देते." मला 'नाही' म्हणता आलं नाही, संध्याकाळी न्यायला येणार आहेत. एव्हाना तुम्हाला माझा स्वभाव कळलाच आहे. काळजी नसावी, पाकिटाला चिकटपट्टीचे चार वेढे मारून देतो. पोचलं की फुटलेलं नाही ना तेवढं बघा.

मानोंग मारयानो, दादा, मी एवेलिन. चिकटपट्टी अगदीच भिकार होती, आणि बोटीवर करमत नव्हतं. पहिल्यांदा केबल मी खरंच चुकीच्या भोकात घातली. दुसऱ्यांदा मुद्दाम. प्रार्थनेत मी दोन्ही डोळे कधीच मिटत नाही, मुलीच्या आईने मिटू नयेत. घड्याळ डोक्यावर आलं की हा पोरगा चारचौघांत माझ्यावर खेकसतो का, ते मला पाहायचं होतं. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात भात करपला म्हणून रोमुलोने मला त्याच्या सगळ्या नातलगांसमोर बोल लावला होता. मी विसरले नाही, आणि तोही विसरला नाही, म्हणून तर इतका घाबरतो. माझी पोर परक्या देशात चाललीय. तिथे ती रोज काही ना काही चुकेल, आणि दिवसभर बाहेरचे लोक तिला बोलतील. संध्याकाळी घरी आल्यावर आणखी एक बोलणारा नको, एवढंच मला बघायचं होतं. शनिवारी या. खोटं बोलायची काही गरज नाही, तुम्ही नुसते बसा आणि जेवा, होकार मी देते. रेनान्तेला मात्र आधी काही कळवू नका, मला त्याच्याकडून घरचं नेटही लावून घ्यायचंय.